कठड्यावरचा हातमोजा

मुकादमाने तेहतीस वर्षं हात हलवण्याचं काम केलं. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्यावं. क्रेनला चार टनांचं लोखंड लटकलेलं असताना हात किती हलवायचा आणि कधी अजिबात हलवायचा नाही, यातला घाम ज्याने गाळलाय त्यालाच माहीत.

कारखाना पंप दुरुस्तीचा. घरातले पंप नव्हेत. शहराला पाणी पुरवणारे, आत माणूस उभा राहील एवढे. शेड लांबलचक. एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला नुसतं तोंड हललेलं दिसायचं. छताखाली दोन रुळांवर वीस टनी क्रेन, क्रेनला टांगलेली पत्र्याची केबिन आणि केबिनमध्ये क्रेनवाला. त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. त्यामुळे इशारे देणारा मुकादम आपसूक ‘खालचा’ झाला. काम अडलं की फिटर मान वर करून विचारायचे, “काय, वरच्याची मर्जी आहे का आज?” वरून घंटा वाजायची. एकदा वाजली तर आहे. दोनदा वाजली तर गप्प बसा.

त्या गोंगाटात बोलणं शक्य नव्हतं, म्हणून सगळं हातांवर. पण दहा जणांचे हात हलले तर वरच्याने ऐकायचं कोणाचं? म्हणून हातमोजा. पिवळा, उजव्या हाताचा, एकच. तो ज्याच्या हातात, त्याच्याच इशाऱ्याने माल हलणार. जुन्या मुकादमाने निवृत्त होताना तो या मुकादमाच्या हातात चढवला आणि म्हणाला, “खाली ठेवायचा नाही. या हातातून त्या हातात.” एवढंच म्हणाला. त्याचा निरोप समारंभ तेवढाच.

वरच्याचा हात असा होता की अर्धी उघडी काडेपेटी फरशीवर उभी ठेवायची, वरून तीन टनांचा नग उतरवायचा, आणि पेटी मिटायची. चुरडायची नाही. पाहुणे आले की साहेब हा खेळ मुद्दाम करायला लावत. टाळ्या साहेबांना मिळत. वरचा केबिनमध्ये बसून नाक पुसे.

चौदा वर्षं दोघांनी एकत्र काम केलं, पण मिळून चौदा तासही बोलले नसतील. गरज पडली नाही. मुकादमाने मनगट वळवलं की वरच्याला कळायचं, माल चार बोटं खाली हवाय की दोन. साडेदहा वाजता मुकादम अंगठा ओठांना लावायचा. हा इशारा भिंतीवरच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता. वरून एक घंटा वाजायची आणि वरचा शिडी उतरायला लागायचा. मग ठोकळ्यांवर बसून दोघे चहा प्यायचे. मुकादम नव्या लोकांना सांगायचा, “क्रेन इंजिनावर चालत नाही. ओळखीवर चालते.” ते हसायचे. पुढे त्याच ओळखीने घात केला, पण ते नंतर.

मुकादमाच्या बहिणीची मुलगी तर्कशास्त्र शिकवते. लहानपणी ती दिवसभर हुज्जत घालायची. आता त्याचाच पगार मिळतो, असं मुकादमाची बायको म्हणते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी एका रविवारी भाची वही घेऊन आली.

“मामा, मला तुझ्या कामाचे नियम सांग. सगळे.”

“कशाला? क्रेन चालवणार आहेस?”

“चिन्हांत लिहिणार आहे. बघ, मोठ्या ठिकाणी एक काम दहा हातांतून जातं. बिघडलं की प्रत्येक जण म्हणतो, मी नाही. कधी कधी प्रत्येकाचं खरंही असतं. मग केलं कोणी? हे नीट काढायची रीत आम्ही शोधतोय.”

“त्यात रीत कसली? साहेब ठरवतात.”

“तेच तर. साहेबांच्या मर्जीशिवाय ठरवता यायला हवं.”

तिने वहीत एक अक्षर काढलं, पुढे एक चौकोन. “हा ‘म’ म्हणजे तू. चौकोनात लिहायचं ‘माल खाली येतो’. म्हणजे तू माल खाली आणलास. हे खरं कधी? तू जे निवडलंस त्याने तो खाली येणारच होता, आणि तू वेगळं काही निवडलं असतंस तर तो कदाचित आला नसता. दोन्ही हवं.”

मुकादमाने चष्मा लावून चौकोन पाहिला. सुबक होता. “दुसरं कशाला हवं?”

“जे तुझ्याशिवायही होणारच होतं, ते तू केलंस असं कसं म्हणायचं?”

आतून मामी म्हणाली, “कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?”

“हेच मी बारा पानांत लिहिलंय, मामी.”

“मग अकरा पानं फुकट गेली बघ.”

मुकादमाला ती रीत आवडली. कष्टाचं काम होतं. अंदाजपंचे काही नाही; एकेक गोष्ट उचलायची, तोलायची, मगच पुढे. तो सांगत गेला, भाची लिहीत गेली. पहिला नियम, पिवळा मोजा ज्याच्या हातात, त्याच्याच इशाऱ्याने माल हलेल. दुसरा, थांबा मात्र कोणीही म्हणू शकतो. झाडूवाल्याने जरी डोक्यावर हात आडवे धरले तरी वरच्याने थांबायचं. तिसरा, मोजा हातातून हातात जाईल. चौथा, एकदा इशारा मिळाला की पुढचा मिळेपर्यंत वरच्याने तेच चालू ठेवायचं; मध्येच थबकला तर माल झोके घेतो.

भाचीने पेन्सिल थांबवली. चौथ्या नियमाखाली रेघ मारली, मग पहिल्याखाली.

“मोजा कोणाच्याच हातात नसेल तर?”

“तसं होत नाही.”

“होत नाही, की होऊच शकत नाही? मला त्यावर वेगवेगळी चिन्हं द्यावी लागतात.”

मुकादमाने चष्मा काढून ठेवला. मामी दारात आली होती. हात पुसत ती म्हणाली, “सांगा की. माझ्यापाशी कुढण्यापेक्षा तिला सांगा. ती निदान लिहून तरी घेईल.”

मग मुकादमाने सांगितलं.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पंपाचं वरचं झाकण चढवायचं होतं. चार टनांचं ओतीव झाकण. ओताऱ्यांनी तीन वेळा साचा मोडून चौथ्यांदा ओतलेलं. टर्नरने अकरा दिवस त्याचं तोंड घासून आरशासारखं केलेलं. मुकादमाने ‘हळू खाली’ दाखवलं. झाकण उतरू लागलं. तेवढ्यात कुठूनसा लोखंडाचा कीस डोळ्यात गेला. मोजा तेलकट, त्याने डोळा चोळता येईना. मुकादमाने मोजा काढला, कठड्यावर ठेवला आणि बोटाने पापणी उचलली. चार आकडे मोजावेत एवढा वेळ. तेवढ्यात झाकणाची कड एका ठोकळ्यावर टेकली, झाकण कललं, साखळीतून निसटलं आणि पंपाच्या काठावर आपटून खाली आलं. पाठमोरा फिटर आवाजाने उडी मारून बाजूला झाला. त्याच्या बुटाचं टोक चपटं झालं. आत बोटं नव्हती, कारण बूट दोन अंक मोठा होता. झाकणाला वीतभर तडा गेला.

चौकशीत साहेबांनी मुकादमाला विचारलं, “त्या क्षणी तुम्ही खाली घ्यायचा इशारा देत होता?”

“नाही.”

“मोजा तुमच्याकडेच होता? दुसऱ्या कोणाला दिला नव्हता?”

“दुसऱ्या कोणाला दिला नव्हता.”

“ठीक आहे.”

सगळं खरं. एक शब्द खोटा नाही. मोजा कठड्यावर होता का, हे कोणी विचारलं नाही आणि मुकादमाने सांगितलं नाही. त्याला वाटलं, कोणीतरी विचारेल, मग आपण हो म्हणू. वरच्याला विचारलं, “इशारा दिसत नव्हता तर थांबला का नाहीत?” वरचा खाली बघत राहिला. कागदावर आलं: क्रेनचालकाने इशाऱ्याशिवाय माल हलवला. त्याला केबिनमधून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. काडेपेटी मिटवणारा तो माणूस निवृत्त होईपर्यंत नट-बोल्ट मोजून देत राहिला. मुकादमाला बोल्ट लागले की तो दुसऱ्याला पाठवायचा. साडेदहाचा चहा दोघांनी वेगवेगळ्या टोकांना प्यायला.

भाचीने सगळं ऐकलं. मग बराच वेळ चौकोन काढत बसली. मामीने समोर ठेवलेलं पाणीही तिने घेतलं नाही.

“नियमातच भोक होतं,” ती शेवटी म्हणाली. “मोजा कोणाकडेच नाही, त्या वेळी पहिला नियम म्हणतो माल हलवू नका, चौथा म्हणतो चालू ठेवा. क्रेनवाल्या काकांनी काहीही केलं असतं तरी एक नियम मोडलाच असता. त्यांच्या एकट्याच्या नावावर घालणं चूकच.”

“मग कोणाच्या नावावर?”

“ते थांबू शकत होते. तू मोजा काढायच्या आधी थांबवू शकत होतास. फिटरची पाठ होती, त्याला सोड. नियम करणाऱ्यांनाही धरावं लागेल.”

“वाटा किती किती?”

“वाटा पडत नाही, मामा. एकाची जबाबदारी पुरी असून दुसऱ्याचीही पुरी असू शकते.”

“असं कसं? वजन दोघांनी धरलं की निम्मं निम्मं.”

“ते वजनाचं. हे वेगळं.”

मुकादमाला ते पटलं नाही, पण त्याने पुढचं विचारलं. “आणि चौकशीतलं?”

हुज्जत घालणारी पोर, पण आता शब्द शोधत होती. “तू खोटं बोलला नाहीस. पण मोजा कठड्यावर होता हे ठाऊक असलेला तू एकटाच होतास. तू गप्प राहिलास म्हणून कागद तसा झाला. गप्प बसणं हीही निवडच असते. तिलाही चौकोन पडतो.”

तिने तो काढला. ‘म’, पुढे चौकोन. आत काही लिहिलं नाही. मामाचा चेहरा पाहून तिने पान उलटलं.

बावीस वर्षं मुकादमाला एक भीती होती, वरच्याला कळलं तर? हल्ली दुसरी आली होती, आणि ती मोठी होती: त्याला न कळताच दोघांपैकी एक गेला तर? वयं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रंकेतून पिवळा मोजा काढला. निवृत्तीच्या दिवशी तो ज्याच्या हातात चढवावा असं कोणी उरलं नव्हतं. नव्या क्रेनला खालूनच बटणं आली होती. मोजा खिशात घालून त्याने दोन बस बदलल्या.

वरचा तिसऱ्या मजल्यावर राहत होता. निवृत्त होऊनही वरच. गल्ली अरुंद, खाली शिंप्याचं दुकान. जिन्यात दोनदा थांबून मुकादम वर पोचला. दार वरच्याच्या बायकोने, वहिनींनी, उघडलं. त्यांना ओळखायला क्षणभर लागला, मग त्या बाजूला झाल्या.

वरचा गॅलरीत बसून दोरीला गाठ मारत होता. दोरीला वेताची टोपली होती. खालून भाजी घ्यायची असली की ती सोडायची.

“खालचा,” तो म्हणाला. हाकेसारखं नाही, खात्री करून घेतल्यासारखं.

मुकादमाने मोजा टेबलावर ठेवला. “त्या दिवशी हा कठड्यावर होता. मी काढून ठेवला होता. चौकशीत सांगितलं नाही.” पाठ करून आणलेली वाक्यं एवढीच होती. ती संपली.

वरच्याने मोजा उलटसुलट केला. “धुतलास वाटतं.”

“हिने धुतला.”

“तरीच. तू कधी धुतला नसतास.” त्याने मोजा खाली ठेवला. “मला दिसत होता.”

“काय?”

“मोजा. केबिनमधून काय दिसत नाही? मोजा कठड्यावर, तू डोळ्यात बोट घालून उभा. सगळं दिसत होतं.”

मुकादम उभाच होता. वहिनींनी खुर्ची सरकवली, तेव्हा बसला. “मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? साहेब विचारतात, थांबला का नाहीस. मी थांबलो नाही, कारण पुढचा इशारा काय येणार ते मला ठाऊक होतं. चार बोटं खाली, मग थांब. चौदा वर्षं तेच. म्हटलं, हा डोळा पुसतोय तोवर चार बोटं उतरवून ठेवतो, याचं काम हलकं होईल. तू दिलाच नव्हतास तो इशारा मी ऐकला. हे कुठल्या कागदावर लिहिणार? याच्या मनातलं मला कळत होतं म्हणून? साहेब म्हणाले असते, क्रेन चालवतोस की संसार करतोस?”

“मला वाटलं, तू माझ्यावर रागावलास.”

“मला वाटलं, तू रागावलास. तुझ्या इशाऱ्याशिवाय माल हलवला. मुकादमाचा याहून मोठा अपमान कोणता? म्हणून स्टोअरच्या खिडकीत तू कधी आला नाहीस, असं मी धरून चाललो.”

“मी लाजेने आलो नाही.”

वहिनी दोघांकडे बघत होत्या. “बावीस वर्षं दोघांनी मूग गिळले,” त्या म्हणाल्या, “आणि अपचन माझ्या घरात.”

मुकादमाने भाचीचं सांगितलं. चौकोन, चार नियम, त्यातलं भोक. मग जे पटलं नव्हतं तेही सांगितलं. “ती म्हणते, वाटा पडत नाही. दोघांवर पुरं पुरं. मी म्हटलं, दोन दोरांनी उचललं की निम्मं होतं.”

वरचा हसला. गॅलरीतल्या दोरीचं टोक त्याने हातात घेतलं. “आणि तू मुकादम? दोर जवळजवळ उभे असतील तर निम्मं. फाकवत नेलेस तर?”

मुकादमाला उत्तर माहीत होतं. नव्या पोरांना त्यानेच शंभरदा शिकवलं होतं. दोन दोर जितके फाकतील तितका प्रत्येकावर ताण वाढतो. हूकपाशी एकशे वीस अंशांचा कोन झाला की दोन्ही दोरांवर पुरं वजन येतं. नग एकच, वजन तेवढंच, तरी दोघांवर पुरं.

“ती बरोबर आहे,” तो म्हणाला.

“पोरगी हुशार आहे. तिला सांग, एक क्रेनवाला म्हणाला.” वरच्याने दोरी सोडली. “चहा घेणार ना?”

घ्यायला हवा होता. पण मुकादम ज्या पिढीतला होता त्या पिढीतला माणूस अशा वेळी बस चुकेल म्हणतो. “बस चुकेल,” तो म्हणाला. “पुन्हा येईन.” मोजा त्याने टेबलावरच ठेवला. तो इथेच राहिलेला बरा, असं त्याच्या मनात होतं.

तीन मजले उतरून तो गल्लीत आला आणि वरून घंटा वाजली. घंटा कसली, वरचा कठड्यावर चमचा आपटत होता. मुकादमाने मान वर केली. टोपली सुटली होती. टोपलीत पिवळा मोजा.

“विसरलास,” वरचा ओरडला.

“ठेव तुला.”

“मला कशाला? मी काय इशारे देतो?”

टोपली दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि थांबली. झोका नाही. जागच्या जागी, टांगल्यासारखी. हात अजून तसाच होता. मुकादमाने उजवा हात पुढे केला, तळवा खाली, बोटं हळूहळू मिटत उघडत. हळू खाली. बावीस वर्षांनी तो इशारा पुन्हा वरच्यासाठी होता.

टोपली हलली नाही.

त्याने पुन्हा दाखवलं. वरच्याने मान हलवली आणि आपला उजवा हात उंच धरून उलटसुलट करून दाखवला. उघडा हात.

मोजा नाही. मोज्याशिवाय माल हलणार नाही. आणि मोजा टोपलीत, टोपली दुसऱ्या मजल्यावर.

शिंपी दुकानातून बाहेर आला. “काय झालं, काका? काठीने ओढू का?”

“नको,” मुकादम म्हणाला. “नियम आहे.”

शिंप्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि दोघेही म्हातारे आहेत एवढं बघून पुन्हा मशीनवर बसला.

वरून वरचा बघत होता. मग त्याने अंगठा ओठांना लावला.

मुकादम गल्लीत उभा राहिला. मनगटावरच्या घड्याळात साडेदहाला पाच कमी होते. बस अकराला होती आणि त्यानंतरही होती. तो वळला, कठड्याला धरून जिना चढू लागला. गुडघे कुरकुरत होते. पहिल्या मजल्यावर तो थांबला, दुसऱ्यावर थांबला. जिन्याच्या खिडकीतून टोपली दिसत होती, हात लांबवला असता तर मिळालीही असती. त्याने लांबवला नाही.

वर दार उघडंच होतं. वरचा गॅलरीत पाय रोवून, दोन्ही हातांनी दोरी धरून उभा होता.

“एवढा वेळ लागतो का?” तो म्हणाला. “हात भरून आले. धर इकडे.”

मुकादमाने दोरी धरली. दोघे शेजारी शेजारी उभे राहिले आणि टोपली वर ओढून घेतली. आत वहिनी चहा गाळत होत्या.